जुन्या मोटारीचा रेडिओ

आपल्या मॉरिशसमध्ये जुन्या मॉरिस मायनर अजून दिसतात. आमच्या वडिलांचीही आहे. तिचा रेडिओ मुका झाला, तेव्हा मुले म्हणाली, "नवा बसवा." आम्ही थांबलो. १९४८ ते १९७१ या काळातील या मोटारीत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. आजच्या रेडिओला तिथे ऋण टोक लागते. तसाच जोडला तर फ्यूज उडेल, रेडिओही जळेल. शिवाय नव्यासाठी डॅशबोर्ड कापावा लागेल. तारा पुन्हा बदलता येतात. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. म्हणून जुनाच दुरुस्तीला दिला आहे. तो न सुधारल्यास त्याच खोक्यात नवे यंत्र बसवून घेऊ. वडील ज्या बटणाने बातम्या लावत, ते तरी जागेवर राहील.