डाळीच्या डब्यातील अदृश्य भाववाढ

धान्य साठवणुकीच्या एका प्रशिक्षणात किडींची ओळख करून देऊन झाल्यावर मागच्या रांगेतील एका भगिनीने विचारले, "पूर्वी आम्ही सुगीलाच वर्षाची तूर भरून ठेवायचो. मागच्या साली वीस किलो भरली. श्रावणात पिंप उघडलं तर निम्म्या दाण्यांना भोकं. आता दर आठवड्याला दुकानातून अर्धा किलो डाळ आणते. भाव चढला की पावशेर. मग साठवून काय फायदा?"

प्रश्न साधा होता. परंतु त्यात महागाईचे अर्थशास्त्र आणि कीटकशास्त्र एकत्र आले होते. किराण्याच्या वाढत्या भावांची चर्चा आपण पर्जन्यमान, आयात आणि बाजारपेठ यांच्या संदर्भात करतो. घरातील साठवणुकीचा विचार त्यात अभावानेच येतो.

ताटातील डाळीचा हिशेब

केंद्र शासनाच्या 2022-23 च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी 3,773 रुपये असून त्यातील सुमारे 46 टक्के खर्च अन्नावर होतो. शहरी भागात हे प्रमाण सुमारे 39 टक्के आहे. म्हणजे पाच जणांच्या सरासरी ग्रामीण कुटुंबाचा अन्नखर्च महिन्याला सुमारे 8,700 रुपये होतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात डाळी, अंडी व मांस मिळून दररोज 85 ग्रॅमची शिफारस आहे. शाकाहारी कुटुंबाने ही गरज केवळ डाळीतून भागवायची म्हटली, तर पाच जणांना महिन्याला पावणेतेरा किलो डाळ लागेल. किलोला 150 रुपये भाव धरला तरी हा खर्च 1,900 रुपयांवर जातो. अन्नखर्चाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. साहजिकच भाव चढला की वरण पातळ होते. मीठ, तेल किंवा पीठ यांची काटकसर लगेच जाणवते. प्रथिनांची काटकसर मात्र मुलांच्या वाढीत उशिरा दिसते.

तुरीच्या भावातील चढउतार आपणा सर्वांच्या स्मरणात आहेत. 2015 च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या आसपास गेली. पुढच्याच हंगामात, 2016-17 मध्ये, देशात सुमारे 48.7 लाख टन तूर पिकली आणि अनेक बाजारांत भाव 5,050 रुपये क्विंटल या हमीभावाच्या खाली आले. एका वर्षी ग्राहक पोळला, दुसऱ्या वर्षी उत्पादक. कोरडवाहू तूर उगवणारे कुटुंब तर दोन्ही बाजूंनी भरडले जाते: सुगीला तूर विकायची आणि पावसाळ्यात तीच डाळ चढ्या भावाने विकत घ्यायची. या दोन भावांमधील अंतर घरच्या साठवणुकीने काही प्रमाणात भरून निघू शकते. नेमक्या याच ठिकाणी कीड आडवी येते.

शेतातून घरात येणारा पाहुणा

कडधान्यातील भुंगेरा (कॅलोसोब्रुकस) ही तूर, मूग, चवळी, हरभरा यांवरील प्रमुख साठवण कीड होय. तिचा प्रादुर्भाव बहुधा शेतातच सुरू होतो. पक्व शेंगांवर मादी अंडी घालते आणि मळणीनंतर काही दाणे आतल्या अळीसह पोत्यात येतात. वरून दाणा निरोगी दिसतो. अळी आतला भाग खाऊन कोष करते आणि भुंगेरा गोल छिद्र पाडून बाहेर पडतो. बाहेर आलेला भुंगेरा दाणे खात नाही. तो केवळ पुढची पिढी वाढवतो.

सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असली की अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभरात पूर्ण होतो. एक मादी 80 ते 100 अंडी घालू शकते. त्यातून वीस माद्या जगल्या असे मानले, तरी कागदावरच्या हिशेबाने तिसऱ्या पिढीला एका मादीच्या 8,000 माद्या होतात. फाल्गुनात भरलेली तूर श्रावणात का फुकट जाते, याचे उत्तर या गुणाकारात आहे. किडलेल्या दाण्यांचे वजन घटते, उगवणशक्ती जाते आणि कीटकांच्या उत्सर्गामुळे चवही बिघडते.

लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या 2015 च्या अहवालात कडधान्यांचे काढणीपश्चात नुकसान 6.36 ते 8.41 टक्के नोंदले आहे. हा देशपातळीवरील अंदाज आहे; एखाद्या घरात तो निम्म्यावर जाऊ शकतो. शंभर रुपये किलोने घेतलेल्या तुरीपैकी निम्मी टाकावी लागली, तर उरलेली तूर दोनशे रुपयांनी पडते. ही भाववाढ कोणत्याही निर्देशांकात नोंदली जात नाही.

घरच्या घरी काय करता येईल?

- वाळवण: कडधान्यातील ओलावा 9 टक्क्यांपर्यंत उतरल्यावरच साठवण करावी. नीट वाळलेला दाणा दाताखाली कट्कन फुटतो.
- सौर उष्णता उपचार: काळ्या प्लास्टिकवर दाण्याचा पातळ थर पसरून त्यावर पारदर्शक पॉलिथिन झाकावे व कडा दाबाव्यात. सुमारे 57 अंश सेल्सिअस तापमानात तासभर राहिल्यास दाण्यातील अंडी व अळ्याही मरतात. कडक उन्हात हे तापमान गाठता येते. बियाण्यासाठी मात्र हा उपचार जपून, उगवणशक्ती तपासूनच करावा.
- हवाबंद साठवण: जाड प्लास्टिकचे अस्तर असलेली हवाबंद पिशवी किंवा घट्ट झाकणाचा डबा दाण्याने पूर्ण भरावा. आतील प्राणवायू संपत जातो, तशी किडीची वाढ थांबते. डबा वारंवार उघडल्यास हा लाभ मिळत नाही. म्हणून एका मोठ्या पिंपाऐवजी महिन्याला एक याप्रमाणे लहान डबे भरावेत आणि एका वेळी एकच उघडावा.
- तेलाचा हात: किलोला 5 ते 7 मिलिलिटर खाद्यतेल चोळल्यास अंड्यांचा श्वास कोंडतो. ही आजीबाईंची रीत शास्त्रीय कसोटीवर उतरलेली आहे.
- डाळ करून ठेवणे: या भुंगेऱ्याला वाढीसाठी अखंड दाणा मानवतो; भरडलेल्या डाळीवर तो फारसा वाढत नाही. बचत गटांनी सुगीला एकत्रित तूर घेऊन अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ गिरणीसारख्या यंत्रावर डाळ केल्यास साठवणही सोपी होते आणि भरडाईचा नफाही गटातच राहतो.

एक इशारा आवश्यक आहे. किडीला कंटाळून काही जण धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. राहत्या घरात त्यांचा वापर कदापि करू नये. वीस किलो तूर वाचवण्यासाठी झोपलेल्या मुलांचा जीव धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

साठवणुकीने महागाई संपणार नाही. पाऊस चुकला, शेंगा पोखरणाऱ्या अळीने फुलोरा खाल्ला किंवा बाजार कोसळला, तर त्याची उत्तरे अन्यत्र शोधावी लागतील. ज्या कुटुंबाकडे सुगीला एकरकमी पैसे नाहीत, त्याला डब्याआधी बचत गटाच्या कर्जाची गरज आहे, हेही विसरता कामा नये. तथापि घेतलेला प्रत्येक दाणा ताटापर्यंत पोहोचवणे आपल्या हाती आहे. फवारणीच्या सल्ल्याइतकेच महत्त्व साठवणुकीच्या सल्ल्याला द्यावे. तो देण्याची वेळ मळणीची आहे, कीड दिसल्यानंतरची नव्हे. आणि तो घरातील बेगमी सांभाळणाऱ्या स्त्रियांपर्यंत थेट पोहोचला पाहिजे.

त्या भगिनीला मी वीस किलोंचे चार भाग करायला सांगितले: उन्हात तापवलेले, गार करून काठोकाठ भरलेले पाच-पाच किलोंचे चार बंद डबे. त्यावर तिने विचारले, "चारही डबे एकदम उघडून बघायचे नाहीत ना?" हवाबंद साठवणुकीचे मर्म तिला पुरते उमगले होते.