किलो राहू द्या, आरपीएम विचारा

वॉशिंग मशीन घ्यायला निघालेलं कुटुंब दुकानात पाय ठेवल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतं तो किलोचा. साडेसहा पुरेल की आठचं घ्यावं? मग स्टार किती, मग झाकणाचा रंग, मग मोबाइलवरून मशीन चालू होतं का. (कपडे आत टाकायला शेवटी उठावंच लागतं, हे विक्रेता सांगत नाही.) स्टिकरच्या कोपऱ्यात छापलेल्या आरपीएमकडे, म्हणजे कपडे पिळताना ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो त्या आकड्याकडे, क्वचितच कोणाचं लक्ष जातं. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

आपल्याकडे धुण्याचं कसंही निभावतं, अडतं ते वाळण्यापाशी. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. आधीच पाण्याने जडावलेली हवा टॉवेलमधलं पाणी घेणार कुठे? दोन दिवस वलणीवर लोंबकळूनही जीन्सचा कमरपट्टा ओलसरच राहतो, आणि घडी उलगडली की तो ओळखीचा कुबट वास येतो. २०१२ साली जपानी संशोधकांनी या वासाचा माग काढला, तेव्हा ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ नावाचा जिवाणू हाती लागला. कपडा जितका जास्त वेळ दमट, तितकी त्याची चंगळ. कोकणातल्या आज्या बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी वाळवत, त्यांना जिवाणूचं नाव ठाऊक नसेल, पण उपाय नेमका होता.

कपड्यातलं पाणी काढायचे दोन मार्ग आहेत: पिळून किंवा तापवून. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायची तर निसर्गनियमानेच सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. मशीन देशी असो वा जर्मन, साध्या हीटरला त्यातून सुटका नाही. तेच पाणी ड्रम गरगर फिरवून बाहेर फेकायला यातला अगदी किरकोळ हिस्सा पुरतो.

आता सहा किलो सुती कपड्यांचा हिशेब. १,४०० आरपीएमच्या फ्रंट लोडमधून ते निघतात तेव्हा त्यांच्यात साधारण तीन लिटर पाणी उरलेलं असतं. ७००च्या आसपास फिरणाऱ्या टॉप लोडमधून निघाले तर चार लिटरच्या वर. ड्रमचा वेग दुप्पट केला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, त्याचा हा परिणाम. पुढे ड्रायर लावला तर हे वरचं लिटरभर पाणी दर खेपेला विजेच्या बिलात दिसतं. ड्रायर नसेल तर पंख्याखाली घालवलेल्या रात्रीत.

गंमत म्हणजे या परीक्षेत सर्वांत स्वस्त गडी बऱ्यापैकी गुण मिळवतो. दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिकचा छोटा पिळणारा टब बहुधा १,३००च्या पुढे फिरतो आणि पुष्कळ महागड्या टॉप लोडपेक्षा कपडे कोरडे काढतो. मात्र दुकानात त्याच टबाला ड्रायर म्हणून खपवतात. त्यात हीटर नसतो. तो नुसता पिळतो, चांगला पिळतो, पण वाळवत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे गरिबाचं मशीन, ही समजूत मराठवाडा-सोलापूर भागात चालत नाही. छत्रपती संभाजीनगरात किंवा सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि पिंपातलं पाणी तांब्यातांब्याने मोजून वापरावं लागतं. तिथे दर वेळी नवं पाणी ओढून वापरलेलं सोडून देणारं मशीन परवडत नाही. दोन टबांच्या मशीनमध्ये बादलीने पाणी भरता येतं. आधी पांढरे कपडे, त्याच फेसात मग रंगीत, शेवटी पायपुसणी. उरलेल्या पाण्याने मोरी धुऊन निघते. ही अक्कल अजून कुठल्याच सेन्सरमध्ये आलेली नाही.

फुल्ली ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी आधी गच्चीवर नजर टाकावी. बहुतेक मशीनना नळाला किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. याचा अर्थ टाकी नळाच्या तीन ते पाच मीटर वर हवी. चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हा प्रश्नच येत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असते. मशीन पाणी भरत बसतं, मग चुका दाखवणारा दिवा लुकलुकतो आणि सर्व्हिसवाला येऊन छोटा प्रेशर पंप सुचवतो. त्या पंपाचे पैसे आधीच धरलेले बरे.

पाणी जड असेल, म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं, तर हीटरवर पांढरा थर बसतो आणि पावडर फेसाळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतात. सहाशेच्या जवळचं पाणी असलेल्या सोसायटीत अधूनमधून लिंबूसत्त्व टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवावंच लागतं.

एवढं करूनही चार महिने निभत नसतील, घरात तान्हं मूल असेल किंवा बाल्कनीच नसेल, तर खऱ्या ड्रायरचा विचार करावा. सर्वांत साधा प्रकार ‘व्हेंटेड’. तो खोलीतली हवा तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि पाइपाने बाहेर टाकतो. भर जुलैतही त्याचं काम अडत नाही, कारण २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांवर येते आणि ती पुन्हा पाणी प्यायला तयार होते. अडचण पाइपाची आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत भिंतीतून बाहेर जाणारा मार्ग बांधकामातच ठेवलेला असतो. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये तो नसतो, आणि पाइप खोलीतच सोडला की कपड्यांतलं तीन लिटर पाणी भिंतींवर जाऊन बसतं. पुढे बुरशी आलीच.

‘कंडेन्सर’ ड्रायर ते पाणी एका टाकीत साठवतो. टाकी रिकामी केली की झालं. पण आठ किलो कपड्यांना साडेचार-पाच युनिट वीज खातो. ‘हीट पंप’ हा त्याचाच सुधारलेला भाऊ: एसीसारखा कॉम्प्रेसर वापरून तीच उष्णता पुन्हा पुन्हा फिरवतो, म्हणून दोनेक युनिटांत भागवतो. वेळ जास्त घेतो, किंमतही चांगलीच जास्त. महावितरणचं बिल शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या पायऱ्यांनी चढतं. आधीच तिसऱ्या पायरीवर असलेल्या घराला साध्या ड्रायरचं प्रत्येक युनिट महागात पडतं, त्यामुळे वर्षभर वापरणार असाल तर हीट पंप, आणि फक्त श्रावणापर्यंत ढकलायचं असेल तर इतका खर्च करू नये.

वॉशर-ड्रायर एकत्र असलेलं मशीन छोट्या घराला मोहात पाडतं. जागा एकाची, काम दोघांचं. पण त्याच्यावर ‘८/५’ असा आकडा असतो तो नीट वाचावा: धुणार आठ किलो, वाळवणार पाच. आठ किलो धुतले तर अर्ध्यावर थांबून काही कपडे बाहेर काढावे लागतात. काही मॉडेल वाफ थंड करायला नळाचं पाणी वापरतात, म्हणजे वाळवतानाही पाणी जातं. दोघांच्या संसाराला हे यंत्र चालेल. चादरी, गणवेश आणि आजोबांची धोतरं असलेल्या घरात सकाळचं भरलेलं दुपारपर्यंत संपत नाही.

शेवटी जागा. फ्रंट लोड बहुधा ६० सेंटीमीटर रुंद आणि ८५ उंच असतं. पुण्यातल्या ड्राय बाल्कनीचा दरवाजा तेवढा मोकळा उघडतो का, ते टेप लावून बघावं, आणि मशीनचं गोल दार उघडायला समोर जागा उरते का तेही. हीटरसाठी १६ अँपिअरचं सॉकेट आणि चांगलं अर्थिंग हवं. आत काँक्रीटचं वजन असल्याने मशीन साठ-सत्तर किलो भरतं. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लांब बोल्ट घट्ट बसवलेले असतात. ते न काढता चालू केलं तर मशीन घरभर नाचतं. बसवायला आलेल्या माणसाकडून ते बोल्ट मागून घ्यावेत आणि बिलाच्या पाकिटात ठेवावेत, घर बदलताना पुन्हा लागतात.