निवळशंख पाण्याची भ्रांती

सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल या बेटावर, जेथे मोटारीला मज्जाव आहे आणि पाठीवर पेलेल तेवढाच संसार घेऊन हिंडावे लागते, तंबूच्या मुक्कामास निघालेल्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘तिथले पाणी इतके निवळशंख, की खुशाल ओंजळीने प्यावे!’

हा समज किती वेळा खोडून काढावा? तळ दिसतो, एवढ्यावरून पाणी निर्दोष ठरत नाही. १९४० साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या बेटावर लांडगे आणि मूस, म्हणजे हरिणकुळातील सर्वांत थोराड प्राणी, नांदतात. आणि त्या दोघांच्या देहांतून फिरणारा तिसरा रहिवासी म्हणजे एकायनोकॉकस हा पट्टकृमी. लांडग्याच्या आतड्यात तो प्रौढ होतो, त्याची नजरेस न पडणारी अंडी विष्ठेवाटे मातीत व पाण्यात उतरतात, चरताना मूसच्या पोटात जातात, त्याच्या फुप्फुसांत द्रवाने भरलेल्या गाठी धरतात, आणि ती फुप्फुसे लांडग्याने खाल्ली की चक्र पुन्हा सुरू होते. तीच अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वा फुप्फुसात तशाच गाठी वर्षानुवर्षे निमूटपणे वाढत राहतात.

‘आम्ही क्लोरीनच्या गोळ्या टाकतो,’ हे उत्तर तर अधिकच घातक, कारण या अंड्यांचे जाड कवच असल्या औषधांना दाद देत नाही. म्हणूनच पाणी खळखळून उकळावे, किंवा ०.४ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे, अशी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेची ताकीद आहे. रॉक हार्बर व विंडिगो या दोन बंदरांवर तेवढे पिण्याजोगे पाणी मिळते. अन्यत्र, अनेक तळांवर शेकोटीस मनाई असल्याने, गाळणी नसेल तर शेगडी हवीच. आणि ज्या बाटलीने सरोवराचे पाणी भरले, तिच्यातच उकळलेले पाणी ओतू नये: झाकणाच्या आट्यांत अडकलेला कच्चा थेंब सारी मेहनत वाया घालवतो.

अस्वलांची धास्ती नको, बेटावर ती नाहीतच. शिधा पळवतात त्या खारी आणि कोल्हे, आणि कोल्हा तर बाहेर ठेवलेले बूटही सोडत नाही. कुत्र्यांना बंदी हा निव्वळ जाच नव्हे: १९८० साली येथे ५० लांडगे होते, १९८२ साली १४ उरले, आणि त्याच सुमारास कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस बेटावर पोचला होता. हिवाळी एकांताचा बेत कोणी आखू नये. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बेट बंद असते. सहाजणांपर्यंतच्या मंडळींना तळावरची जागा आगाऊ राखता येत नाही, तेव्हा परवाना घेऊन सकाळीच वाट धरावी.