रंग नव्हे, नजर पाहा

पांढऱ्याशुभ्र केसांचे बाळ जन्मले की आपल्या घरांत आधी कुजबुज सुरू होते. बाळंतिणीने ग्रहण पाळले नाही, कुणाची नजर लागली, नाहीतर हे कोडच आहे. यातले काहीच खरे नाही. कोड पुढे कधीतरी डागाडागांनी येते. अल्बिनिझम जन्मापासून असतो. शरीरात मेलॅनिन हे रंगद्रव्य फार कमी किंवा अजिबात तयार होत नाही. तो संसर्गाने पसरत नाही. सहसा त्याचे जनुक आई आणि बाप, दोघांकडून आलेले असते. तेव्हा सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी आपल्या लेकाकडेही पाहावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस शक्यता चारात एक. चुलत-मामे नात्यातल्या निकाहात असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो, हेही आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे.

लोक रंग पाहतात, खरी अडचण डोळ्यांची असते. दृष्टिपटलाची वाढ अपुरी राहते, डोळे सतत हलतात, उजेड सोसत नाही. चष्म्यानेही नजर पूर्ण सुधारत नाही. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मूल ‘ढ’ ठरते, बुद्धी मात्र शाबूत असते. त्याला पहिला बाक, मोठ्या अक्षरांची पुस्तके आणि भिंग द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे. मूल त्यात बसत असेल तर प्रमाणपत्र काढून घ्यावे.

उन्हाची हयगय नको, त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो. जोहरच्या नमाजला मशिदीत पाठवतानाही टोपी रुंद काठाची, बाह्या लांब आणि चेहऱ्याला सनस्क्रीन हवे. डोळे आणि त्वचा दरवर्षी तपासून घ्यावी.