विझत्या मेणबत्त्यांची भाषा

चित्रातील भाव म्हणजे चेहऱ्यावरचा भाव, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. साहित्यकृतीवर आधारलेले चित्र पाहताना मात्र ती अपुरी पडते. जॉन विल्यम वॉटरहाऊस या इंग्रज चित्रकाराचे 'द लेडी ऑफ शॅलॉट' (१८८८) हे तैलचित्र याचे उत्तम उदाहरण होय. लंडनच्या टेट ब्रिटन कलादालनाच्या संग्रहात ते आहे.

विषय टेनिसनच्या कवितेतला. बेटावरच्या मनोऱ्यात एक शापित स्त्री राहते. तिने कॅमलॉट नगरीकडे थेट पाहायचे नाही. आरशात दिसणारे जग तेवढे वस्त्रात विणत राहायचे. एके दिवशी आरशात लॅन्सलॉट हा सरदार झळकतो. ती खिडकीशी जाऊन त्याला पाहते आणि आरसा तडकतो. मग नावेत बसून ती कॅमलॉटकडे निघते व वाटेतच, गाता गाता, प्राण सोडते.

वॉटरहाऊसने मृत्यू रंगवलेला नाही. त्याच्या थोडा आधीचा क्षण निवडला आहे. तिचे ओठ किंचित विलग आहेत. ते गाण्यासाठी की हुंदक्यामुळे, हे नुसत्या चेहऱ्यावरून ठरत नाही. आता नावेच्या टोकाकडे पाहावे. तिथे तीन मेणबत्त्या आहेत. दोन विझलेल्या, एक कशीबशी तेवणारी. कवितेतल्या नावेत त्या नाहीत, त्या चित्रकाराच्या. उरलेले आयुष्य किती, हे त्या एका ज्योतीने सांगून टाकले आहे. आयुष्यभर विणलेले वस्त्र नावेबाहेर लोंबून पाण्यात भिजते आहे. भोवती गडद होत चाललेली संध्याकाळ आणि वाळके बोरू.

एवढ्यावरून हे चित्र केवळ करुण ठरवावे, तर तिचा हात आडवा येतो. नाव किनाऱ्याला जखडणारी साखळी तिच्याच हातात आहे आणि ती स्वतःच ती सोडते आहे. तिला कोणी ढकललेले नाही. प्रतिबिंबांत जगण्यापेक्षा तिने खरे जग पत्करले, त्याची किंमत ठाऊक असूनही. म्हणूनच इथल्या कारुण्याला निर्धाराची किनार आहे.

पुढे वॉटरहाऊस या कथेकडे पुन्हा वळला. १८९४ साली त्याने लॅन्सलॉटला पाहण्याचा क्षण रंगवला, तर १९१५ साली मागासमोर कंटाळून बसलेली ती. कथेचा शेवट त्याने आधी रंगवला, आरंभ सर्वांत शेवटी. चित्र वाचण्याची रीतही अशीच असावी : आधी विझत्या मेणबत्त्या, मग साखळीवरचा हात आणि सर्वांत शेवटी चेहरा.