खात्यातला आपला माणूस

वाळूजच्या कारखान्यात कामगाराच्या हाती चार्जशीट पडली, की वकिलाआधी तो आपल्या शॉपमधल्या कमिटी मेंबरला गाठतो. हा मेंबर त्याच्यासारखाच पाळी करणारा, त्याच्यासारखेच कार्ड पंच करणारा आणि त्याच्याच मताने निवडून आलेला. वर्तमानपत्रात नावे अध्यक्ष-सरचिटणीसांची येतात. युनियन रोज चालते ती मात्र या माणसामुळे.

या पदाची परंपरा मुंबईच्या गिरण्यांतली. 1928 च्या मोठ्या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगिरणीत समित्या उभ्या केल्या. जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर चालणाऱ्या खात्यात कामगारांची स्वतःची माणसे तक्रारी मांडू लागली. मराठवाड्यात चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीमागून 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. शेतकरी घरातली मुले यंत्रावर उभी राहिली आणि करार, वर्गणी, गेट मीटिंग हे शब्द गावागावांत पोहोचले.

या पदाला कायद्याचे बळ मिळाले ते कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या उद्योगात सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद असलेल्या युनियनला मान्यता मागता येऊ लागली. कारखान्याच्या आवारात वर्गणी गोळा करणे, सूचनाफलक लावणे, सभासदांशी बोलणे आणि खातेनिहाय चौकशीत कामगाराच्या बाजूने उभे राहणे, हे हक्क मान्यतेसोबत आले. जबाबदाऱ्याही आल्या: कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत, ठरावांची नोंद इतिवृत्तात, हिशेबाची दरवर्षी तपासणी. मान्यताप्राप्त युनियनला संपावर जायचे तर बहुसंख्य सभासदांचे मत घेणे आणि 14 दिवसांची नोटीस देणेही बंधनकारक झाले.

चौकशीच्या टेबलावर मेंबरचा कस लागतो. आरोप नेमका काय, तो स्थायी आदेशांच्या कोणत्या कलमाखाली आहे, सुपरवायझर खरोखर जागेवर होता का, हे त्याला विचारावे लागते. नीट न वाचता सही केलेला कामकाजाचा कागद पुढे न्यायालयात कामगाराच्याच विरोधात वापरला जातो. वेतनकराराच्या वेळी कसोटी आणखी कडक असते. पगारवाढीच्या बदल्यात व्यवस्थापन उत्पादनवाढ मागते. एका नगाला किती सेकंद लागतात, त्यातून एक माणूस कमी केला तर उरलेल्यांच्या पाठीवर किती भार येतो, हे वाटाघाटीच्या खोलीत तोच सांगू शकतो, कारण ते काम त्याने स्वतः केलेले असते.

2020 च्या उन्हाळ्यात या पदाची गरज साऱ्या वाळूजने पाहिली. बजाजच्या वाळूज कारखान्यातील आठ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी 140 जणांना करोनाची लागण झाल्याचे आणि दोघांचा मृत्यू झाल्याचे कंपनीने जूनअखेरीस सांगितले. कारखाना काही दिवस बंद ठेवा, अशी मागणी तिथल्या युनियनने केली. कामावर न येणाऱ्याला पगार नाही, असे कंपनीचे धोरण होते. एकट्यादुकट्या कामगाराने घरी थांबून पगार गमावला असता; कामगारांची भीती मागणी म्हणून मांडता आली ती निवडलेल्या प्रतिनिधींमुळेच.

मात्र याच लाईनवर शेजारी उभा असलेला कंत्राटी कामगार बहुतेक ठिकाणी या प्रतिनिधीचा मतदार नसतो. मत नाही, म्हणून त्याची तक्रार मागणीपत्रात शेवटी येते किंवा येतच नाही. पर्मनंट कामगारांची संख्या घटत गेली, की ही चूक युनियनच्याच मुळावर येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक युनियन असतील तिथे, एकट्याने वाटाघाटी करण्यासाठी युनियनला 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समितीही सक्तीची आहे आणि तिच्यात स्त्री कामगारांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची आहे. म्हणजे प्रतिनिधीने आपले वर्तुळ मोठे करण्याची वेळ आली आहे.

म्हणून वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कामगार बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे: पुढच्या निवडणुकीत पॅनल पाहून शिक्का मारू नका. मागचा करार कोणी वाचला, चौकशीला कोण बसले, कंत्राटी पोराच्या अपघाताच्या वेळी कोण धावून गेले, हे विचारा आणि त्यालाच निवडून द्या.