जाकार्तात आपली कबड्डी का हरली?

२०१८ च्या जून महिन्यात जतच्या आमच्या वस्तीत पोरांच्या तोंडी एकच विषय होता. रशियात फुटबॉलचा विश्वचषक चालला होता आणि आदल्या वेळचा जगज्जेता जर्मनी दक्षिण कोरियाकडून २-० असा मार खाऊन पहिल्याच फेरीत घरी गेला होता. ज्या पोरांनी जन्मात कधी हिरवळीचे मैदान पाहिले नाही, ती पोरे पारावर बसून जर्मनी का हरली यावर तावातावाने भांडत होती. आम्ही कौतुकाने ऐकत होतो. परक्याच्या घरचे भांडण ऐकायला बरे वाटते.

दोनच महिन्यांनी तो प्रश्न आपल्या अंगणात आला. २३ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील जाकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारताचा पुरुष कबड्डी संघ इराणकडून २७-१८ असा हरला. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात त्याच इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना २७-२४ असे हरवले. कबड्डी आशियाई स्पर्धेत आली ती १९९० साली, चीनमधल्या बीजिंगला. तेव्हापासून २०१४ पर्यंत सात वेळा पुरुषांचे सुवर्णपदक आपलेच होते. महिलांची स्पर्धा २०१० ला सुरू झाली, तीही दोन्ही वेळा आपण जिंकली. आणि जाकार्तात दोन दिवसांत दोन्ही सुवर्णे गेली.

वाचकहो, क्रिकेटमध्ये हरलो तर आम्ही चार शिव्या देऊन भाकर खायला बसतो. कबड्डीचे तसे नाही. हा आपला खेळ आहे. याला बॅट लागत नाही, पॅड लागत नाही, क्लबची वर्गणी लागत नाही. चुन्याची फक्की ओढली की मैदान तयार. १४ एप्रिलच्या जयंतीला आमच्याकडे मंडळे सामने भरवतात, तेव्हा गवंड्याच्या हाताखाली राबणारी, ऊसतोडीहून परतलेली पोरे रात्री दिव्याच्या उजेडात खेळतात आणि सकाळी सुजलेल्या घोट्यांनी कामावर जातात. म्हणून त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेली आमची वस्ती गप्प झाली. एक शाळकरी पोर मात्र राहून राहून विचारीत होते, "तात्या, आपण हरलो कसं?" तात्या म्हणजे आमच्याकडचे जुने गडी. डाव्या कोपऱ्यात उभे राहून घोटा धरण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. ते म्हणाले, "हरलो न्हाई रं, त्यांनी धरून ठेवलं आपल्याला."

तात्यांच्या या एका वाक्यात निम्मे उत्तर आहे, म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

सामना चाळीस मिनिटांचा, एका बाजूला सात गडी, राखीव धरून संघ बारा जणांचा. चढाई करणाऱ्याला तीस सेकंद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईवाल्याला पकडले तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. याला अव्वल पकड म्हणतात. म्हणजे समोरचा संघ अर्धा बाद झाला म्हणून छाती काढून आत घुसावे तर तेथेच घात होतो. आता आपला जाकार्ताचा संघ बघा. कर्णधार अजय ठाकूर, परदीप नरवाल, राहुल चौधरी, मोनू गोयत, रोहित कुमार आणि आपला रिशांक देवाडिगा. बारांपैकी हे सहा जण मुळात चढाईचे. पकडीसाठी गिरीश एर्नाक, मोहित छिल्लर, राजूलाल चौधरी, मल्लेश, आणि दोन्ही कामे करणारे दीपक हुडा व संदीप नरवाल. सहा गाड्या आणि त्या ओढायला बैल कमी, असा प्रकार. २०१६ साली अहमदाबादला इराणलाच ३८-२९ असे हरवून विश्वचषक आणणारा कर्णधार अनुप कुमार या संघात नव्हता. अंगात ताकद भरपूर होती. अडचणीच्या वेळी दोन मिनिटे खेळ थंड करणारे डोके कमी पडले, असे आमचे मत आहे.

धोक्याची घंटा आधीच वाजली होती. त्याच स्पर्धेत साखळीतल्या सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २४-२३ असे एका गुणाने हरवले होते. आशियाई स्पर्धेत भारताचा पुरुष संघ त्यापूर्वी कधी हरला नव्हता. तसे २०१६ च्या विश्वचषकातही पहिल्याच सामन्यात कोरियाने आपल्याला ३४-३२ ने पाडले होते. आणि २०१४ ला इंचॉनच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध आपण जिंकलो ते २७-२५ असे, अवघ्या दोन गुणांनी. त्या संघात आपल्या सांगली जिल्ह्याचा नितीन मदने होता, याचा अभिमान आम्हांला आजही आहे. पण दोन गुणांनी वाचलेल्या माणसाने घरी येऊन दाराला कडी लावायची असते. आपण हारतुरे घेतले आणि दार उघडेच ठेवले.

बरे, इराणी हा खेळ शिकले कोठे? काही त्यांच्याच मातीत होते. श्वास धरून खेळायचा 'झू' नावाचा खेळ त्यांच्याकडे जुना आहे, आणि कुस्तीचे तर ते माहेरघरच. कुस्ती म्हणजे काय हे सांगली-सातारकरांना आम्ही सांगायला नको. कमरेला मिठी घातली की सुटणे नाही. उरलेले आपण शिकवले. महाराष्ट्राचे शंकरराव तथा बुवा साळवी यांनी हयात खर्ची घालून हा खेळ देशोदेशी पोचवला, ते चांगलेच केले. खेळ वाढला तो त्यामुळेच. पुढे २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि इराणचा फझल अत्राचली, अबुझर मिघानी, कोरियाचा जांग कुन ली हे आपल्याच संघांतून, आपल्याच गड्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळू लागले. परदीप कोणत्या पायावर वळतो, अजय बेडूकउडी केव्हा मारतो, हे त्यांना पाठ झाले. आपण मात्र त्यांचा अभ्यास तेवढा केला नाही. शिष्य गुरूची खोड ओळखतो, गुरूला शिष्याचे नावही धड घेता येत नाही, अशी गत.

काही लोक म्हणतात, पैशाने पोरे बिघडली. २०१८ च्या मे महिन्यातील लिलावात सहा खेळाडूंना एक कोटी किंवा त्याहून जास्त बोली लागली आणि त्यांतले चौघे जाकार्ताच्या संघात होते, हे खरे. मोनू गोयतला तर १ कोटी ५१ लाख मिळाले. पण आम्हांला हे म्हणणे पटत नाही. शेतकऱ्याच्या, शिपायाच्या पोराला चार पैसे मिळाले की लगेच ते बिघडले म्हणायचे, ही जुनी खोड आहे. सहावा कोटीचा मानकरी इराणचा अत्राचलीच होता. तो बिघडला नाही, सुवर्ण घेऊन गेला. आणि आपल्या मुली? त्यांच्यासाठी २०१६ साली तीन संघांची छोटीशी स्पर्धा भरवली, पुढे ती बंद. लिलाव नाही, कोटी नाही. त्या संघातली महाराष्ट्राची सोनाली शिंगटे ही मुंबईच्या लोअर परळची, वडील सुरक्षारक्षक. तिला कोणत्या पैशाने बिघडवले? तरीही तिचा संघ तीन गुणांनी हरलाच. तेव्हा दुखणे दुसरीकडे आहे.

ते कोठे आहे हे पाहायचे तर महिलांच्या अंतिम सामन्यात इराणच्या बाजूला बसलेल्या बाईंकडे पाहा. त्या होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर महाराष्ट्रात मुलींना कबड्डी शिकवली, पण भारतीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांना मिळाले नाही. निवृत्तीनंतर इराणने बोलावले. भाषा येत नव्हती, शाकाहारी माणसाची जेवणाची पंचाईत, डोक्यावर रुमाल बांधून मैदानात उभे राहायचे. बाई फारसी शिकल्या, मुलींना योगासने आणि प्राणायाम दिला, आणि सुवर्णपदक जिंकून दाखवले. त्या दिवशी वस्तीतल्या बायकांत दोन तट पडले. एकीने म्हटले, "आपलीच बाई आपल्या पोरींच्या विरोधात?" दुसरी म्हणाली, "घरात ताट वाढलं न्हाई, शेजारी जेवली तर तिचं काय चुकलं?" आम्ही दुसरीच्या बाजूचे.

गुणी माणूस दारात उभा असता घरातल्यांना का दिसत नाही? कारण घर काही थोड्यांच्या मालकीचे झालेले असते. राष्ट्रीय कबड्डी महासंघाचे अध्यक्षपद जनार्दनसिंह गेहलोत यांच्याकडे १९८४ पासून जवळजवळ तीस वर्षे होते. त्यांच्यानंतर ते त्यांच्या पत्नी मृदुल भदौरिया यांच्याकडे गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे संघ जाकार्ताला जाण्याच्याच सुमारास, दिल्ली उच्च न्यायालयाने ही निवडणूक रद्द ठरवून महासंघावर प्रशासक नेमला. संघनिवडीत गैरप्रकार झाल्याचा आरोपही न्यायालयात गेला होता. निवडलेला संघ आणि डावललेले खेळाडू यांचा सामना स्पर्धेनंतर लावा, असे न्यायालयाने सांगितले. १५ सप्टेंबरला दिल्लीत डावललेले खेळाडू हजर झाले, जाकार्ताहून परतलेला संघ आलाच नाही. आरोप खरा की खोटा हे आम्ही ठरवू शकत नाही. परंतु उघड्या मैदानात दोन तास खेळून जो संशय फिटला असता तो तसाच राहिला, याचे वाईट वाटते.

न्यायाची बाजू म्हणून हेही लिहितो की चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या पुढच्या आशियाई स्पर्धेत दोन्ही सुवर्णे परत आली. पुरुषांनी इराणला ३३-२९ ने हरवले, तेही नियमाच्या वादात सामना बराच वेळ अडकल्यावर. मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ ने, एका गुणाने. पुरुषांच्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. पदके आली म्हणून दुखणे गेले असे मात्र नाही. एका गुणाचे अंतर म्हणजे अंतर नव्हेच.

आता थोडे आपल्या गावाचे. आंतरराष्ट्रीय सामने मॅटवर, बूट घालून खेळतात. आमच्या पूर्व भागातल्या बहुतेक पोरी मातीवर, अनवाणी खेळतात. मातीत पाय रुतवून पकड करणारी मुलगी मॅटवर पहिल्यांदा उतरते ती थेट निवड चाचणीच्या दिवशी, आणि घसरते. निवडणारे म्हणतात, तोल नाही. दसरा झाला की अर्धी घरे ऊसतोडीला जातात, त्याबरोबर मुलींचा सरावही जातो. नेमक्या त्याच महिन्यांत शाळांच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धा असतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत, हे आमच्या आयाबायांना आता चांगले माहीत आहे. म्हणून त्या पोरीला खेळू देतात, नाहीतर कोण देते? पण त्या जागेसाठी वरच्या पातळीवरचे प्रमाणपत्र लागते, आणि तेथवर जायची शिडी निवड चाचणीतूनच जाते. चाचणी कधी, कोठे, हे जतला कळेपर्यंत सांगलीला संघ ठरलेला असतो, असे आम्ही एकदा नव्हे तीनदा पाहिले आहे.

आमच्या वस्तीतल्या नववीतल्या एका मुलीला तात्या रोज संध्याकाळी कोपरा शिकवतात. गेल्या वर्षी तिचे आईबाप कोयता घेऊन निघाले तेव्हा तिला आजीजवळ ठेवले, सरावासाठी. घरात एक कोयता कमी म्हणजे उचल कमी. आईने एवढेच विचारले, "तात्या, चाचणीची तारीख आधी कळंल न्हवं?" तात्यांनी वस्तीतल्या शिकलेल्या पोराला हाताशी धरले आहे. तो दर सोमवारी जिल्ह्याला फोन लावतो. परवा तिकडून उत्तर आले की अजून ठरले नाही, पुढच्या सोमवारी विचारा.